कुठल्या रुमालातला कागद आहे हा?

बोरूदौत:

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात भाच्याच्या शाळेच्या प्रकल्पावरून घरात एक बोलणं झालं. ते डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

भाचा सातवीत आहे, विषय होता झाशीची राणी. पुठ्ठ्याच्या मधोमध त्यानं एक जुनाट तपकिरी फोटो चिकटवला होता. खाली सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘राणी लक्ष्मीबाईंचा एकमेव खरा फोटो. १८५० साली हॉफमन या इंग्रजाने काढलेला.’ हा फोटो तुमच्याही फोनवर कधी ना कधी आला असेल. मी त्याला सांगितलं, अरे, हॉफमन हे नाव ज्या स्टुडिओचं सांगतात तो कलकत्त्याचा जॉन्स्टन अँड हॉफमन, तो १८८० नंतरचा. राणी तर जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ लढता लढता गेल्या. हा फोटो त्यांचा कसा असेल?

तो म्हणाला, “मावशी, सतरा ठिकाणी हाच फोटो आहे. सगळे खोटं बोलतील का?”

मला पटकन उत्तर देता आलं नाही. पोराचं काही चुकलं नव्हतं. पाच जणांनी एकच गोष्ट सांगितली तर ती खरी धरायची, हे आपणच शिकवतो. गावातले तंटे पिढ्यान् पिढ्या असेच मिटले. जुना महजर, म्हणजे गावच्या गोतसभेचा लेखी निवाडा, पाहिलात तर शेवटी साक्षीदारांच्या निशाण्या असतात. पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी, शेट्याचा तराजू. प्रत्येक जण आपल्या पायांनी चालत येऊन उभा राहिलेला असायचा, आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचा. फोनवरचे सतरा साक्षीदार मात्र एकमेकांची नक्कल करून आलेले असतात. तिथे साक्षीदार खरं तर एकच, आणि तो कोण हेही कुणाला ठाऊक नसतं.

मी अकरा वर्षं मोडी वाचते आहे. पेशवे दफ्तरातला कागद सुटा नसतो. तो कापडात बांधलेला असतो, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात, आणि रुमालाला क्रमांक असतो. नव्यानं शिकत होते तेव्हा एक पत्र वाचून धावत आमच्या गुरुजींकडे गेले, मोठा शोध लागला अशा थाटात. त्यांनी पत्राकडे पाहिलंही नाही. विचारलं, “कुठल्या रुमालातला कागद आहे हा? त्याच्या वर काय होतं, खाली काय होतं?” परत जाऊन पाहिलं. वरच्या कागदात त्याच रकमेचा हिशेब होता, खालच्या कागदात ती रक्कम परत केल्याची पावती. मला ज्यात फितुरी दिसली होती, ती साधी उसनवार निघाली.

कागदाला शेजार असतो. फोनवर आपल्यापर्यंत पोचणाऱ्या इतिहासाचा शेजारच नाहीसा झाला आहे, असं मला दिवसेंदिवस वाटतं. हवा तो शब्द टाकला की हवा तो तुकडा हातात येतो. त्याच्या आधी काय, नंतर काय, हे विचारायला जागाच राहत नाही.

दुसरं उदाहरण दिनविशेषाचं. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर जानेवारीत काय काय आलं ते मी लिहून ठेवलं. ३ तारखेला सावित्रीबाई फुले, जन्म १८३१. ६ तारखेला ‘दर्पण’, १८३२. १२ ला जिजाऊसाहेब, १५९८. १४ ला पानिपत, १७६१. एकेक संदेश मनापासून केलेला, चित्रं सुरेख, मी स्वतः त्यांना हात जोडले. पण रोज असा एकेक दिवा लावत गेलं की सावित्रीबाईंनंतर नऊ दिवसांनी जिजाऊ येतात, आणि त्या दोघींमधली सव्वादोनशे वर्षं कुठेच येत नाहीत. पानिपत येतं. उदगीरची लढाई येत नाही, दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडल्यावर पुण्यात काय हललं ते येत नाही, पुढच्या दहा वर्षांत माधवरावांनी काय सावरलं तेही येत नाही. तारीख उरते, कारण जातं.

तुम्हाला काय वाटतं? तुमच्या घरी इतिहास कुठून येतो?

घाटमाथा:

ताई, तळमळ पोचली. पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो.

मी अंबाजोगाईकडच्या एका खेड्यातला. वडील सालगडी होते. मला इतिहासाची ओढ होती, पण आमच्या वाचनालयात इतिहासाच्या नावावर पाच-सहा कादंबऱ्या, एवढंच. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ १८९८ पासून काढायला घेतली, बावीस खंड झाले, हे मला माहीत होतं. खंड डोळ्यांनी पाहिला नव्हता. पुण्याला जायचं तर एसटीचं भाडं, राहायचं कुठं, आणि तिथल्या माणसानं ‘कोणाकडून आलात?’ म्हटलं तर काय सांगायचं? एकदा गेलो होतो एका ठिकाणी. ओळखीचं पत्र नाही म्हणून दारातूनच परत आलो. कुणाचं नाव घेत नाही, पण ते दार अजून डोळ्यांसमोर आहे.

आज तेच खंड फोनवर आहेत. जुन्या ग्रंथालयांतली पुस्तकं स्कॅन होऊन नेटवर आली. काही पानं तिरकी आहेत, काहींवर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आलाय, पुस्तकांची नावं इंग्रजीत चुकीची टाकलीत म्हणून शोधता शोधता रात्र जाते. पण मिळतात. पहिल्या खंडाची प्रस्तावना मी रानात, मोटारीचं बटण चालू ठेवून, लाईट यायची वाट बघत बांधावर बसून वाचली. रुमालाचा शेजार तुम्हाला दिसला, कारण तुम्ही त्या खोलीत होतात. आम्हाला तर रुमाल असतो हेच आज कळलं.

बोरूदौत:

@घाटमाथा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बरोबर आहे तुमचं. शेजाराविषयी बोलताना दाराविषयी मी बोललेच नाही. ते दार बंद राहिलं त्यात आमच्यासारख्या आत बसलेल्यांचाही वाटा आहे, आणि हे मी मनापासून लिहिते आहे.

फळा_खडू:

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते, बावीस वर्षं झाली.

पूर्वी मुलं वर्गात कोरी यायची. आता भरलेली येतात, आणि भरलेल्या भांड्यात घालणं अवघड असतं. एका मुलानं मला हात वर करून सांगितलं, “बाई, पुस्तकात हे लपवलंय.” काय लपवलंय हे त्याला सांगता येईना, पण काहीतरी लपवलंय याची खात्री होती. पन्नास सेकंदांच्या रीलची सुरुवातच तशी असते. ‘जो इतिहास तुम्हाला कधीच शिकवला नाही...’ मी त्याला आमच्या पाठ्यपुस्तकाचं पान काढून दाखवलं, तीच गोष्ट तिथे चार ओळींत होती. त्याला आनंद झाला नाही, चेहरा पडला. लपवलेलं सापडण्यात जी मजा असते, ती मी काढून घेतली होती.

तेव्हापासून मी वर्गात एक करते. गोष्ट कुठलीही असो, मुलांना विचारते, हे ज्यानं पाहिलं तो माणूस कोण? त्याला आपण एक नाव देऊ या. मग झाशीला कोण होतं? होता ना, आपल्या पेणजवळच्या वरसईचा एक भिक्षुक. विष्णुभट गोडसे. कर्ज फेडायचं म्हणून उत्तरेत दक्षिणा मिळवायला निघाला आणि १८५७ च्या धामधुमीत सापडला. झाशीच्या वेढ्यात तो आत होता. राणींना त्यानं डोळ्यांनी पाहिलं, त्या कशा वावरत, काय नेसत, हे मराठीत लिहून ठेवलं. बोरूदौत ताई, तुमच्या भाच्याला फोटोच्या जागी हे पान द्या.

केतकी_वन:

वाचते आहे. फार दिवसांनी इथे असा धागा आला.

बोरूदौत:

@फळा_खडू, गोडशांचं नाव काढलंत, बरं झालं. त्या पुस्तकाची स्वतःचीही एक गोष्ट आहे आणि ती आपल्या विषयाला अगदी चिकटून आहे.

चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून गोडशांनी आपली हकीकत लिहिली. वैद्यांनी ती १९०७ साली छापली, पण छापताना भाषा बदलली, मजकुरातही बरेच फेरफार केले. हेतू वाईट नसणार. काळ इंग्रजांचा, विषय सत्तावनचा. पण साठ वर्षं महाराष्ट्र जे वाचत होता ते पूर्ण गोडशांचं नव्हतं. हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपून ठेवलं होतं, म्हणून दत्तो वामन पोतदारांना १९६६ साली मूळ पाठ छापता आला.

फेरफार आजचेच आहेत असं मी म्हणत नाही. कागदाच्या काळातही ते झाले. वतनाच्या भांडणात बनावट कागद करणारे होते आणि गोतसभेत ते पकडणारेही होते. तेव्हा परत जायला एक वाट होती, मूळ पोथी कुठेतरी होती. जसं आलं तसं पुढे गेलेल्या संदेशाला मूळच नसतं. मागे जायचं म्हटलं तरी कुणाकडे जाणार? काकूंकडे, काकूंच्या भिशीच्या ग्रुपकडे, तिथून पुढे अंधार.

शिवकाळातल्या पत्रांच्या शेवटी एक छोटी मुद्रा असते, ‘मर्यादेयं विराजते’. पत्र इथे संपलं, याच्या पुढे कुणी एक अक्षर घालू नये, एवढंच तिचं काम. ती मुद्रा पाहिली की मला दर वेळी भरून येतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणाला तरी ही काळजी होती.

निवृत्त_वाचक:

मी एकाहत्तर वर्षांचा आहे. आपल्या ग्रुपांवर संदेश पाठवणारे बहुतेक माझ्या वयाचे असतात, तेव्हा त्यांची बाजू मांडणे माझे काम आहे असे समजतो.

इंग्रज अधिकारी मॅकॉले याचे म्हणून फिरणारे ते भाषण मी अनेकांना पाठवले आहे. ‘मी भारतभर फिरलो, मला एकही भिकारी दिसला नाही, एकही चोर दिसला नाही, यांचा कणा मोडायचा तर यांची शिक्षणपद्धती बदलली पाहिजे.’ २ फेब्रुवारी १८३५, ब्रिटिश पार्लमेंट. माझ्या मुलीने दाखवून दिले की त्या दिवशी मॅकॉले लंडनमध्ये नव्हताच, तो कलकत्त्यात होता. त्या तारखेचे त्याचे शिक्षणाविषयीचे टिपण खरे आहे, पण त्यात ही वाक्ये नाहीत. मी ते टिपण मिळवून इंग्रजीतून पूर्ण वाचले. मुलीचे बरोबर होते.

आता मी ते का पाठवले, ते सांगतो. मी शिकलो त्या शाळेत मराठी बोलले तर दंड होता. वडिलांना इंग्रजी येत नसे, आणि निकालाच्या दिवशी ते शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहत, आत येत नसत. ते शल्य पन्नास वर्षे मनात होते. त्या संदेशाने त्याला पहिल्यांदा शब्द दिले. खोटी वाक्ये माझ्या खऱ्या दुःखावर येऊन बसली. ज्यांना आपण चूक दाखवता, त्यांच्या त्या दुःखाकडेही पाहा, एवढीच विनंती. त्या खऱ्या टिपणातही पुरेसे संतापजनक आहे. युरोपातल्या एका चांगल्या ग्रंथालयातली एक फळी भारत आणि अरबस्तानच्या साऱ्या साहित्याच्या बरोबरीची, असे त्यात म्हटले आहे. खोट्याची गरजच नव्हती.

फळा_खडू:

काका, हे वाचून थोडा वेळ तशीच बसून राहिले. तुमची परवानगी असेल तर उद्या वर्गात वाचून दाखवीन, नाव न घेता.

निवृत्त_वाचक:

जरूर वाचा.

माळरान:

मी नगर जिल्ह्यातला, पारनेर तालुका. मला वेगळंच काहीतरी सांगायचं आहे. विनंती आधीच करतो, आरक्षणाचा वाद या धाग्यावर नको.

२०२३ च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, ते सगळ्यांना आठवत असेल. तहसीलची जुनी दप्तरं सोडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, आणि मग स्कॅन केलेली पानं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकली. आमच्या गावात त्या दिवसांत भेटलेला माणूस ‘कसा आहेस’ विचारत नव्हता. ‘नोंद सापडली का?’ हाच रामराम होता.

आमच्या पणजोबांची नोंद चुलतभावानं शोधली. गाव नमुना १४, जन्ममृत्यूची वही. कोतवाल बुक म्हणतात तिला. त्याला एकच रकाना हवा होता. त्यानं तो कापून, लाल गोल करून मला पाठवला. तेवढ्याच तुकड्याची प्रिंट घरातल्या सगळ्यांनी काढून ठेवली.

मला राहवेना, मी पूर्ण फाईल उघडली. मोडी येत नव्हती, शिकायला सुरुवात केली, तीन महिन्यांत अडखळत वाचू लागलो. आमच्या पणजोबांच्या धाकट्या भावाची मयत नोंद १९१८ च्या ऑक्टोबरातली. त्याच्या वरची नोंद, मयत. खालची, मयत. पान उलटलं, मयत. एरवी वर्षाला जेमतेम एखादं पान भरणाऱ्या त्या वहीत तेवढ्या दोन महिन्यांत सहा पानं भरली होती. कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द, ताप. एका ठिकाणी आई, मग दोन दिवसांनी तिचं तान्हं मूल. लिहिणाऱ्याचं अक्षर पहिल्या पानावर टपोरं आहे, चौथ्या पानावर घसरलंय, पाचव्यावर अक्षरच दुसऱ्याचं आहे. पहिला लिहिणारा कुठं गेला असेल हे मला माहीत नाही.

मी हे आजीला वाचून दाखवलं. ती नव्वदीची. म्हणाली, “ती मानमोडी.” तिच्या सासूनं सांगितलेलं तिला आठवत होतं, मढं पोचवून माणसं घरी यायची आणि घरात दुसरं तयार असायचं. वहीत ‘मानमोडी’ हा शब्द कुठंच नाही. सरकारनं ताप लिहिला, गावानं मानमोडी म्हटलं. नेटवर त्याच साथीचं पुस्तकी नाव, इन्फ्लुएंझा, शोधलं असतं तर आमचं गाव मला कधीच दिसलं नसतं.

बोरूदौत ताईंचा शेजार हा शब्द वाचला आणि हे लिहावंसं वाटलं. भावाला नाव सापडलं. मला गल्ली सापडली. पण घाटमाथा म्हणतात तेही खरंच, ती वही नेटवर आली नसती तर दोन्ही सापडलं नसतं.

केतकी_वन:

माळरान, वाचताना डोळे भरले. त्या सहा पानांतली नावं गावात कुठेतरी लिहून लावा. आता कुणाच्याच लक्षात नसतील ती माणसं.

घाटमाथा:

@माळरान, रामराम भाऊ. ह्यावर काय बोलावं.

एक शंका राहिली, बोरूदौत ताईंना विचारतो. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातले कागद निवडून पंचेचाळीस खंड छापले. तीही निवडच ना? शेजार तेव्हाही तुटलाच की. मग गूगलनं निवडलं काय आणि सरदेसायांनी निवडलं काय, फरक कुठं पडला?

बोरूदौत:

@घाटमाथा, नेमकं बोट ठेवलंत. शेजार तेव्हाही तुटला. पंचेचाळीस खंड वाचून ज्यांना पेशवाई कळली असं वाटलं, त्यांना राजकारण दिसलं. शेतसारा, कुळांच्या तक्रारी, बायकांचे अर्ज हे दफ्तरात गाठोड्यांत पडून राहिलं. कोट्यवधी कागद आहेत तिथे.

पण सरदेसायांनी ‘मी निवडलं’ असं सांगून निवडलं. खंडाचा विषय वर लिहिलेला आहे. त्यांच्याशी भांडता येतं, ते चुकले असं म्हणून दुसरा माणूस दफ्तरात जाऊ शकतो, गेलेही आहेत. यंत्राची निवड निवडीसारखी दिसतच नाही. पहिल्या पानावर जे आलं तेच सगळं, असं वाटतं.

आणखी एक अडचण सांगते, ही रोजच्या कामातली. पानिपतच्या धामधुमीतली पत्रं तुम्हाला नेटवर १७६१ टाकून सापडायची नाहीत. त्या पत्रांत १७६१ हा आकडाच नसतो. वर्ष अरबी शब्दांत, इहिदे सितैन मया व अलफ. एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन ११६१. त्यात सहाशे मिळवले की इसवी सन, आणि मृगाच्या सुमारास वर्ष बदलतं म्हणून काही महिने पाचशे नव्याण्णव. पुष्कळ पत्रांत तर तेही नसतं, नुसता चंद्र, म्हणजे महिन्यातली तारीख, आणि महिना. वर्ष कुठलं ते आतल्या मजकुरावरून आणि आजूबाजूच्या पत्रांवरून लावायचं. म्हणजे पुन्हा शेजारच. त्यात मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ नाही. यंत्र आता मोडी वाचायला शिकते आहे, शिकेलही, मला त्याचा आनंदच आहे. तोवर नेटवर सापडत नाही म्हणजे घडलंच नाही, एवढं तरी कुणी धरू नये.

मांडवीतीर:

नमस्कार, पणजीहून.

आमच्या गोव्यात ही गोष्ट आणखी एका अंगानं दिसते. इथलं पुराभिलेखागार १५९५ पासूनचं. दियोगु दु कोतु त्याचे पहिले राखणदार. मान्सूनच्या वाऱ्यावर जहाजं लिस्बनला जात-येत, त्या पत्रव्यवहाराच्या बाडांना ‘मोन्सोइंश’च म्हणतात. संभाजी महाराजांच्या स्वारीपासून वसईपर्यंत मराठ्यांविषयी त्यात खूप आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घातलं त्यात.

पण ते पोर्तुगीजमध्ये. माझ्या आजोबांना येत होती, बाबांना थोडी, मला नाही. फोनवर गोव्याचा इतिहास शोधला की इंग्रजीत जे लिहिलंय तेच पुन्हा पुन्हा येतं, बहुतेक वेळा मुंबई-लंडनमध्ये बसून लिहिलेलं. ज्या भाषेत कागद आहे ती भाषा मेली की तो कागद नेटवर असूनही नसल्यासारखाच. मी या जूनपासून पोर्तुगीजच्या वर्गाला जाते. पन्नाशीत सुरू केलंय, पण बाबांच्या कपाटातली त्यांच्या वडिलांची पत्रं वाचायचीच आहेत.

सातासमुद्रापार:

न्यू जर्सीहून लिहितोय. आमच्या मंडळात शिवराज्याभिषेकाचा कार्यक्रम होता, मुलांनी एआय वापरून चित्रं केली. चित्रं देखणी होती, मुलं जीव लावून बसली होती. पण रायगडावर संगमरवरी घुमट, मागे बर्फाचे डोंगर, आणि महाराजांचा चेहरा प्रत्येक चित्रात वेगळा. मी काही बोललो नाही. ही मुलं मराठी वाचू शकत नाहीत, त्यांना रायगड एवढाच मिळणार. आठ वर्षांच्या मुलीच्या मनात आता जो रायगड बसला तो कसा काढायचा? तिचा उत्साह न मारता काय करावं, कुणी सुचवाल का?

फळा_खडू:

@सातासमुद्रापार, मुलीला इतिहास संशोधक वा. सी. बेंद्र्यांची गोष्ट सांगा. त्यांच्या आधी इब्राहिमखान नावाच्या माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून फिरत होतं. बेंद्र्यांनी अस्सल चित्र हुडकलं. याच माणसानं पुढे चाळीस वर्षं खपून संभाजी महाराजांचं चरित्र लिहिलं. मुलांना शोधाची गोष्ट आवडते, माझ्या वर्गात ही दर वर्षी मागतात. मग तिला जगदीश्वराच्या देवळाचा, बाजारपेठेच्या जोत्यांचा आजचा फोटो दाखवा, काळा दगड दाखवा. आणि पुढचं चित्र तिला हातानं काढू दे, त्या दगडाकडे बघून.

सातासमुद्रापार:

धन्यवाद बाई. या शनिवारी बसतो तिच्याबरोबर. डिसेंबरात भारतात येतोय, गडावरही नेईन, पायऱ्यांनी.

कोनाडा:

मी इथे पहिल्यांदाच लिहितोय. गावचं घर पाडायला काढलंय. देवघरामागच्या कोनाड्यात एक गाठोडं निघालं, लाल कापड, वर सुतळी. आत मोडी कागद आहेत, शंभरेक तरी असतील. एकाचा फोटो टाकतोय. जमीन कुणाच्या नावावर होती ते यात आहे का? भाऊ म्हणतो, कामाचा तेवढा कागद ठेवू, बाकी वाळवीनं खाल्लंय ते जाळू.

बोरूदौत:

@कोनाडा, जाळू नका. कृपा करून एकही कागद जाळू नका, भावालाही हे दाखवा.

तुमचा कागद वाचला. जमिनीचा नाही. सुरुवात अशी: ‘श्री. तीर्थरूप वहिनीबाई वडिलांचे सेवेसी साष्टांग नमस्कार विनंती विशेष.’ कुणीतरी आपल्या वहिनीला लिहिलंय. गाय व्याली, पाऊस नाही, आणि मुलाला घेऊन या असं आहे. शेवटची ओळ घडीवर फाटली आहे. वर्ष यात नाही, ते बाजूच्या कागदांवरून कदाचित लावता येईल.

आता एवढं करा. कागद ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं राहू द्या, वरचा वर, खालचा खाली. घड्या जबरदस्तीनं उलगडू नका. ऊन दाखवू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, चिकटपट्टी लावू नका. सुती कापड धुऊन वाळवून त्यात ठेवा. प्रत्येक कागदाचा फोटो काढा, मागच्या बाजूचाही, पत्ता बहुतेक मागे असतो. मला निरोप करा, मी येईन. तुमच्या तालुक्यापर्यंत एसटी येत असेलच.

माळरान:

ताई, मी पण येतो. वाचायला दोन डोळे जास्त.

कोनाडा:

भावाला वाचून दाखवलं. तो ‘मुलाला घेऊन या’ इथं थांबला, मग काही बोलला नाही. आईचं जुनं नऊवारी धुऊन वाळत घातलंय. वाळलं की त्यातच बांधतो, होतं तसं. रविवारी या दोघंही, जेवायलाच या.